सोवळ्यातला सुपरचार्जर

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

गणपती गेले, पाहुणे गेले. मांगराच्या, म्हणजे घराशेजारच्या कोठाराच्या, पडवीत उष्ट्या पत्रावळींचा ढीग तेवढा मागे ठेवून गेले. वर माशा. शी. ढीग उचलला, फिनेल टाकलं आणि मग बोर्ड लावला. ‘देवेश हाय-परफॉर्मन्स सिरॅमिक कोटिंग. सुपरचार्जर, टर्बो, एक्झॉस्ट.’ हायवेवरून स्पष्ट दिसतो. असं काम करणारा कोकणातला मी पहिला. महाराष्ट्रातला दुसरा असेन, चौकशी केलेली नाही.

आई म्हणाली, म्हाळाचे दिवस लागले, या पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये, पितरांना आवडत नाही. मी शांतपणे समजावलं की आपले पितर कोटिंगच्या लाइनमध्ये नव्हते, त्यांच्या आवडीनिवडीचा इथे संबंध नाही. तिने कानांवर हात ठेवले. या अज्ञानाचा मला वीट आला आहे.

संकल्प. रोज सहाला उठणे. कुणावर चिडायचं नाही. प्रोसेसमध्ये तडजोड नाही म्हणजे नाही.

८ सप्टेंबर, संध्याकाळ.

दुपारी झोप लागली ती आत्ता मोडली. हवेत इतका दमटपणा, माणूस तरी काय करणार. भोसरीला असं होत नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार.

पहिलं गिऱ्हाईक. वाडीतल्या राधाबाई. पिशवीतून बिडाचा तवा काढून टेबलावर ठेवला. घावणे चिकटतात, कोटिंग करून दे. मी म्हटलं, हे कोटिंग इंजिनाच्या आगीसाठी असतं, घावण्यांसाठी नव्हे. त्या म्हणाल्या, "मगे तर बरांच झाला, माझी चूल भायंकर तापता." आणि तवा ठेवून गेल्या. तव्याच्या कडेला जुन्या पिठाची काळी खरवड. हात धुतले. परत वास आला म्हणून परत धुतले.

१३ सप्टेंबर, शनिवार.

आतापर्यंत जमा: तवे, एक बिर्याणीचं पातेलं, एक इस्त्री. सुपरचार्जर नाही. हायवेवरून एक इलेक्ट्रिक गाडीवाला बोर्ड वाचून आत शिरला आणि वायर कुठे जोडू म्हणून विचारू लागला. हाकलला.

संध्याकाळी भिकाजी. आमचा शेजारी, रिक्षा चालवतो. रोज येतो, माझ्या कॉम्प्रेसरवर बसतो, तंबाखू मळतो. म्हणाला, ह्या सुपरचार्जर म्हणजे नेमका काय ता माका एकदा सांग. सांगितलं. साधं इंजिन आपली हवा आपण ओढतं. सुपरचार्जर हा पंप, तो इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबतो, मग गाडी सुटते. कोंबताना तो तापतो, आणि तापला की ताकद घटते. म्हणून बाहेरून सिरॅमिकचा पातळ थर, म्हणजे इंजिनाची धग आत जात नाही. भिकाजी म्हणाला, "म्हणजे लग्नात आग्रह करून जिलबी कोंबतत तसां." मग विचारलं, आपल्या नांदगावात असा पंप कुणाच्या गाडीला आहे? मी म्हटलं, मार्केट तयार करावं लागतं. "कर तर," म्हणाला आणि माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर पिंक टाकली. किळसवाणा माणूस.

या लोकांना अनुभव म्हणजे काय ते ठाऊक नाही. भोसरीला प्लेटिंगच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली मी. डिस्पॅचला होतो, पण डिस्पॅचच्या खिडकीतून कोटिंगची लाइन अगदी स्वच्छ दिसायची. शिवाय तीन दिवसांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे, तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी फक्त ‘इंडस्ट्री’ एवढंच म्हणतो. लोक गप्प होतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

फोन आला! म्हापशाहून अजय नावाचे गृहस्थ. तन्वीने माझ्या वर्कशॉपचा जो व्हिडिओ टाकला होता तो त्यांनी पाहिला. (तन्वी, माझी मुलगी, कणकवलीला कॉलेजात. मोबाइल सोडून कशाला हात लावत नाही, पण यावेळी उपयोग झाला.) इंपोर्टेड गाडी, सुपरचार्जर बसवलेला. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं घर, आधी पाठवतो म्हणाले. ते पसंत पडलं तर त्यांच्या अख्ख्या क्लबच्या गाड्यांचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, बघतो, जमवतो. आवाज जड ठेवला.

घरात सांगितलं. सारिकाने, माझ्या बायकोने, एकच विचारलं, भाजणार कशात?

खरं आहे. सिरॅमिक नुसतं फवारून भागत नाही, ते ओव्हनमध्ये पक्कं करावं लागतं. आणि घरात ओव्हन आहे तो हिचा. बचत गटातून घेतलेला मोठा, बेकरीसारखा. त्यात ती वाढदिवसाचे केक आणि नानकटाई करते. तिच्या नानकटाईला कणकवलीपासून फोंडाघाटापर्यंत मागणी आहे, असं ती म्हणते. मी समजावलं की एकीकडे बिस्किटं आणि एकीकडे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री, तुलना तरी कशी करायची. मग म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माका ओव्हन व्हयो. दिवाळीच्या ऑर्डरी घेतलेल्यो आसत. आणि जसो देतंय तसोच परत व्हयो."

शब्द दिला. माझा शब्द म्हणजे लेखी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

हाउसिंग आलं. अजयनी बांद्यापर्यंत आणून दिलं, तिथून भिकाजीने रिक्षातून आणलं. सुक्या सुंगटांच्या पिशवीला टेकवून! इतकी सुंदर वस्तू, आणि तिला सुक्या माशांची दुर्गंधी. शी. भिकाजी म्हणाला, सुंगटां खालच्या बाजूक होती, वरच्या बाजूक नाय.

मांगराचा अर्धा भाग प्लास्टिक लावून क्लीन रूम केला आहे. दाराला बाथरूमचा पडदा. त्यावर बदकं आहेत, दुसरा मिळाला नाही. बाहेर पाटी: ‘हात लावू नये’. कोटिंगमध्ये सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माणसाचं बोट. बोटाला तेल असतं, घाम असतो. साफ केलेल्या धातूला उघडं बोट लागलं की त्या जागी थर धरत नाही. आज ना उद्या फुगतो आणि निघतो. हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आईला समजेना. ऑइल, कंटॅमिनेशन, सगळं सांगून झालं. शेवटी म्हटलं, हे सोवळ्यातलं आहे समज. तत्काळ समजलं. आता ती चपला बाहेर काढून, पदर आवरून पडद्याबाहेर उभी राहते आणि आत जाणाऱ्याला आंघोळ केली का विचारते. राधाबाई तवा मागायला आल्या तर त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. घरात एक माणूस तरी कामाचं निघालं.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

प्रोसेस सुरू. हातमोजे घालून हाउसिंग केमिकलने धुतलं. मग कणीदार पावडर हवेच्या दाबाने मारून खरखरीत केलं. मग कोटिंगशिवाय नुसतंच ओव्हनमध्ये तापवलं, म्हणजे धातूच्या पोटात मुरलेलं जुनं ऑइल जळून जातं. गेलं. धुराचा लोट निघाला. सारिका पडवीतून आली, ओव्हनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत निघून गेली. मी तिला म्हटलं, हा धूर म्हणजे यशाची खूण आहे. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

२८ सप्टेंबर, रविवार.

सारिकाने मुद्दाम ट्रायल म्हणून नानकटाई केली. खाल्ली. पहिल्या घासाला तूप, वेलची. दुसऱ्या घासाला गॅरेज. मी म्हटलं, नवीन फ्लेवर आहे, शहरात चालेल. तिने पूर्ण ट्रे कोंबड्यांपुढे ओतला. कोंबड्या लांबूनच परत फिरल्या. त्यांना मुद्दाम भूक नव्हती असं माझं मत आहे.

संकल्प: एकदा कोटिंग भाजून झालं की ओव्हन सोड्याने घासून देणे. स्वतः.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आजचा दिवस अप्रतिम.

सकाळी आईने आयुधं पुजायला मांडली. कोयता, कुदळ, आडाळो म्हणजे विळी, सारिकाचा ओव्हन, माझा कॉम्प्रेसर, स्प्रे गन, भिकाजीची रिक्षा. आमच्याकडे हळद खोबरेल तेलात कालवतात, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. प्रत्येकावर पाच बोटं ओढली, वर कुंकू, झेंडूचं फूल. सुपरचार्जरला मात्र आईने काही लावलं नाही. पडद्याबाहेरून हात जोडले. म्हणाली, "तां सोवळ्यातलां. मी तेका शिवचंय नाय."

तन्वी व्हिडिओ काढत होती. म्हणाली, बाबा, मेन वस्तूच राहिली, आणि व्हिडिओत तुम्हीच नाही. मुद्दा बरोबर. ब्रँडिंगमध्ये मालक दिसला पाहिजे. मी आत गेलो, पडदा पूर्ण बाजूला केला, हातमोजे काढले (मोज्यांनी पूजा करणं बरं दिसत नाही), आणि हाउसिंगच्या मधोमध हळदीची पाच बोटं ओढली. ठसठशीत. करडा धातू, पिवळी बोटं, वर लाल झेंडू. आईने आतल्या बाजूला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. भारावली असावी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

व्हिडिओ जोरात चालला आहे. बांद्याहून सुद्धा लाइक्स.

हळद पंच्याने पुसली. पिवळा डाग थोडा राहिला, पण डाग म्हणजे तेल नव्हे. नियमाप्रमाणे परत केमिकलने धुवून परत तापवायला हवं. पण केमिकलचा डबा संपला आहे, तो पुण्याहून येणार. आणि ओव्हन सारिकाला उद्याच द्यायचा आहे. शब्द म्हणजे शब्द. शिवाय कोटिंग काळं आहे, काळ्याखाली पिवळं कोण बघतो.

फवारलं. एकसारखा थर. मग भाजलं. भाजताना क्षणभर शिऱ्यासारखा वास आला. खोबरेल असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार.

झालं. काळंभोर, मखमली. हाउसिंग बघत अर्धा तास बसलो. मी हे केलं. भोसरीतल्या त्या सुपरवायझरला दाखवायला हवं, जो म्हणायचा की डिस्पॅचवाल्याने पेट्या मोजाव्यात.

मधोमध थोडी नक्षी दिसते. उजेड तिरपा पडला तरच. त्याला थर्मल पॅटर्न म्हणत असावेत.

सारिकाने ओव्हन मागितला. दिला. घासायचं राहिलं, कारण हाउसिंगचे फोटो काढण्यात दिवस गेला. तिने दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. आतल्या भिंतींना काळपट चिकट थर बसला आहे. मी म्हटलं, एक दिवस दे. ती म्हणाली, "तुमचो शब्द लेखी ना?"

असे टोमणे मारणं मला आवडत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

थर्मल पॅटर्न फुगला आहे.

पाच लांबट फुगवटे, शेजारी शेजारी. दाबले तर कटकट वाजतात. कुणीतरी हात लावला आहे. पाटी लावूनही! या घरात शिस्त नावाची गोष्ट नाही.

चौकशी सुरू केली. तन्वी म्हणाली, मी फक्त मोबाइल धरला होता. सारिका म्हणाली, माझ्याकडे इतका रिकामा वेळ कुठे. भिकाजीने हात पुढे करून दाखवले, तंबाखू-चुन्याने माखलेले. शेवटी आईला विचारलं. दारात तीच असते, आत जायला मोकळीक तिलाच. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी देव्हाऱ्यातल्या देवाक शिवतंय. तुझ्या त्या डब्याक बोट लावूक नाय." आणि रडली. जेवली नाही.

म्हातारी माणसं मनाला लावून घेतात. मी प्रोसेसबद्दल बोलत होतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

कारण सापडलं. बांगडे.

दसरा झाल्यापासून वाडीत घरोघरी मासे तळले जात आहेत. तो धूर म्हणजे हवेत तरंगणारं तेल. ते मांगरात शिरून थराखाली गेलं. विज्ञान आहे. आमच्या घरात मासे तळणं आजपासून बंद. आई आधीच जेवत नव्हती, तिने काही हरकत घेतली नाही.

भिकाजीच्या घराकडून वारा आमच्या दिशेने असतो म्हणून त्यालाही विनंती केली. तो म्हणाला, "देवेशा, तू माका हायवे बंद करूक सांग, तो मी करतलंय. बांगडो नाय." आणि आत जाऊन लसणीची फोडणी मुद्दाम मोठी केली. शी.

१२ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी सारिका पिठाचे डबे घेऊन फोंडाघाटला निघाली. तिथल्या बेकरीवाल्याने आपला ओव्हन रिकामा असेल तेव्हा वापरू देतो म्हटलं आहे. भिकाजीची रिक्षा. मांडीवर एक डबा, पायाशी दोन. रिक्षा वळली तेव्हा तिने एका हाताने झाकण दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांतली धूळ पुसत होती. मी अंगणात उभा होतो. मला लाज…

धूळ फार आहे या रस्त्याला. वीट येतो.

ओव्हन आपल्याच मांगरात उभा, आणि ही बाई दुसऱ्याच्या दारात. तिने मला एकदा तरी म्हणायला हवं होतं की घासा. मग मी घासला असता.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

अजय उद्या येणार. फोनवर म्हणाले, बघू या कसं झालंय, मग क्लबवाल्यांना सांगतो. मी म्हटलं, अवश्य या, जेवायलाच या.

फुगवटे सुईने टोचून हवा काढली. थोडं फेविक्विक. वरून आमच्या वर्कशॉपचा स्टिकर चिकटवला, सोनेरी, ‘मेड इन सिंधुदुर्ग’. बरोबर बसला. मोठ्या कंपन्याही आपलं नाव मधोमधच लावतात.

संकल्प: उद्या कमी बोलणे. तांत्रिक शब्द वापरणे. खिशात हात ठेवणे, मोठी माणसं तशी उभी राहतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

अजय अकराच्या सुमारास आले. शांत माणूस, पांढरा शर्ट. आईने चहा ठेवला. मी त्यांना क्लीन रूम दाखवली, सर्टिफिकेट दाखवलं. करंगळीकडे त्यांचं लक्ष गेलं, मी म्हटलं, इंडस्ट्री. त्यांनी आदराने मान हलवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग हाउसिंग. बराच वेळ बघत राहिले. फिनिश सुंदर म्हणाले. खरंच म्हणाले. मग विचारलं, हा स्टिकर कशाला? गाडी तापल्यावर तो जळणार. मी म्हटलं, ब्रँडिंग. ते म्हणाले, काढतो मी, आणि नखाने कोपरा उचलला.

स्टिकर आला. स्टिकरबरोबर कोटिंगही आलं. साय निघते तसं, एका झटक्यात. खाली करडा धातू आणि त्यावर तपकिरी पडलेल्या हळदीची पाच बोटं.

अजयनी कोकणीत विचारलं, "हें कितें?"

मी म्हटलं, बांगडा. म्हणजे बांगड्यांचा धूर. या भागात मासे फार तळतात. त्यांनी आपला उजवा पंजा त्या खुणांवर ठेवला. चार बोटं बरोबर बसली. त्यांची करंगळी खुणेच्या पुढे उरली. अर्धी उरली. त्यांनी परत खुणांकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला. उशीर झाला होता.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिला वाटलं की पाहुणे माझ्या करंगळीबद्दल हळहळत आहेत. त्यांना धीर द्यायला म्हणाली, "मशिनीत नाय ओ गेली ती. सात वर्षांचो होतो. मी नको नको म्हणतंय तरी आडाळ्यार फणस कापूक बसलो. रडान रडान अख्खो गाव गोळा केल्यान."

अजयनी हाउसिंग फडक्यात गुंडाळलं. म्हणाले, आता हे सगळं दुसरीकडे खरवडून परत करावं लागेल. रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. चहा न घेता गेले. आई रस्त्यापर्यंत कप घेऊन मागे गेली, एक घोट तरी घेवा म्हणत. आमच्या दारातून पाहुणा बिनचहाचा गेला नव्हता कधी, असं ती नंतर बराच वेळ म्हणत होती.

सारिका ओट्यावर उभी होती. सगळं ऐकलं असणार.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ.

पूजेचा व्हिडिओ काढून टाक म्हणून तन्वीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, अजयकाकांनी तो आधीच लाइक केला होता.

आईला म्हटलं, तू हात लावला नव्हतास. ती म्हणाली, "तां माका ठावक आसा." मग म्हणाली, "तू मोजे काढलंस तेवाच मी तोंडार हात ठेवलंय. म्हटलंय, सायब आपणच सांगलेलां मोडता, पण सायबच तो."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

राधाबाईंचा तवा परत केला. ‘कोटिंग करूक नाय?’ म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, घावणे चिकटले तर जरा तेल लावा. त्या म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे.

मग ओव्हन बाहेर अंगणात काढला. सोडा, लिंबू, गरम पाणी, तारेची घासणी. हातमोजे. आतल्या काळपट थराचा वास असा की दोनदा उठून अंगणाच्या टोकाला गेलो. माझाच थर. इतका घट्ट बसला होता की खरवडून निघेना. हाउसिंगवर हा असा बसला असता तर.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी.

पहाटे तुळशीपाशी कारेटाचं कडू फळ फोडलं, पोहे खाल्ले, परत ओव्हन. घासणे, धुणे, रिकामा तापवणे, गार करणे, परत घासणे. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली प्रोसेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही पायरी न गाळता, आयुष्यात पहिल्यांदा केली. दुपारी सारिकाने ओव्हनमध्ये डोकं घालून वास घेतला. मग पीठ मळायला बसली.

संध्याकाळी पहिला ट्रे. वेलची, तूप. दुसऱ्या घासालाही वेलची, तूप. कोंबड्यांनी कुंपणाजवळ गर्दी केली. भिकाजी डबा नेऊन पोचवायला तयार आहे, पण रिक्षात मागे बसून डबे धरायला कुणीतरी हवं, म्हणाला. सारिकाने माझ्याकडे बघितलं. भाऊबीजेपर्यंतच्या ऑर्डरी आहेत. तात्पुरतं आहे. डिस्पॅचचा मला अनुभव आहे.

आईने बांगडे तळले. मी तीन खाल्ले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

मांगर रिकामा केला. बदकांचा पडदा बाथरूमला परत. सर्टिफिकेट कपाटात. बोर्डाची मागची बाजू तन्वीने रंगवली, ‘सारिका नानकटाई’. अक्षर बरं आहे.

संध्याकाळी ओव्हनची पूजा. आईने हळद कालवली, खोबरेलात. वाटी समोर ठेवली. घरातला तांत्रिक माणूस म्हणून मी सवयीने पुढे झालो.

सारिका म्हणाली, "तुमी हात लावा नको."

तिने स्वतः पाच बोटं ओढली. वर भिकाजीने आणून ठोकलेली माझीच पाटी, ‘हात लावू नये’. मग सगळ्यांनी ओव्हनला हात लावून नमस्कार केला. मी लांबून केला.